पेट्रोलचा काटा आणि त्यामागची डबी

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी गाड्या बाहेर पडल्या. जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी त्यातल्या बऱ्याच जपल्या आहेत. या मंडळींची एक तक्रार ठरलेली: पेट्रोलचा काटा खोटं बोलतो. टाकी काठोकाठ भरली तरी तो अर्ध्यावर, नाहीतर थेट ‘फुल’च्याही पलीकडे. मग नवा मीटर येतो आणि तोही तेच दाखवतो. बिचाऱ्या मीटरचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

साधारण 1964-65 पासून या गाडीत स्मिथ्स कंपनीचा द्विधातू पट्टीचा मीटर आला. पट्टीभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. वीज वाहिली की तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. किती वीज वाहू द्यायची ते टाकीतला सेंडर ठरवतो. टाकी रिकामी असताना त्याचा रोध अडीचशे ओहमच्या आसपास, भरलेली असताना वीसच्या आसपास. पट्टी तापायला वेळ लागत असल्याने काटा सावकाश चढतो आणि वळणावर पेट्रोल हिंदकळलं तरी नाचत नाही. ही युक्ती मला फार आवडते.

पण असा मीटर व्होल्टेजच्या चढउताराला लगेच फसतो. इंजिन बंद असताना बॅटरी बारा व्होल्टची, चालू असताना चौदाच्या घरात. म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटी डबी बसवलेली असते, स्टॅबिलायझर. तिच्या आतही तापणारी पट्टीच. ती संपर्क जोडत-तोडत राहते आणि मीटरला सरासरी दहा व्होल्ट मिळतात. डबीला बॉडीशी पक्की अर्थिंग लागते. स्क्रूखाली गंज धरला की पट्टी तापत नाही, संपर्क जोडलेलाच राहतो आणि बॅटरीची पूर्ण वीज मीटरवर येते. ज्या गाड्यांत तापमानाचा मीटरही विजेवर चालतो, तिथे दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले तर आधी तो स्क्रू काढून घासा. डबीनंतर टेस्ट लॅम्प लावला तर तो लुकलुकायला हवा. इथे डिजिटल मल्टीमीटरचे आकडे उड्या मारतात, त्यांनी घाबरू नये.

डबी ठीक निघाली तर टाकीकडे वळा. सेंडरला जाणारी हिरवी-काळी वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवा. काटा ‘फुल’कडे निघाला तर मीटर आणि वायर शाबूत आहेत. वायर फार वेळ टेकवून ठेवू नका, मीटरमधली तार जळू शकते. अगदी सुरुवातीच्या एमजीबीत मात्र चुंबकी वेटोळ्यांचा जुना मीटर आहे आणि तिथे सगळं उलटं: वायर टेकवली की काटा ‘रिकामी’वर जातो. गाडीचं वर्ष न बघता चांगला मीटर मोडीत काढणारे इथेच फसतात.

आता राहिला सेंडर. तो टाकीच्या बाजूला बसतो, तेव्हा पेट्रोल आधी उपसून घ्यावं लागतं. बॅटरी सोडवावी आणि सेंडर जागी धरणारं कडं पितळी सळईने ठोकून फिरवावं. पोलादाने ठिणगी उडू शकते. सेंडर निघाला की त्याचा फ्लोट हलवून पाहा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय.

स्टॅबिलायझर गेलाच असेल तर हल्ली मिळणारा इलेक्ट्रॉनिक घ्या. आतला जोडणारा-तोडणारा संपर्कच नसल्याने तो जास्त टिकतो. अर्थिंग मात्र त्यालाही लागतेच.