आधी खेळांची यादी, मग एम्युलेटर

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरांमध्ये ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचे, त्या खेळाचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकी कॉमिकवर तो बेतलेला होता आणि मुस्तफा हा त्यातल्या चार नायकांपैकी सगळ्यांत चपळ. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रातला हा खेळ घरच्या कन्सोलवर कधीच आला नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये मारामारीच्या सात जुन्या खेळांचा संच विकायला काढला, त्यातही तो नव्हता. त्यामुळे तेव्हाची शाळकरी मुलं आज घरात आर्केड कॅबिनेट बांधायला घेतात, तेव्हा मुस्तफासाठी त्यांच्यापुढे दोनच वाटा असतात: मूळ सर्किट बोर्ड मिळवायचा, नाहीतर एम्युलेटर वापरायचा.

मग विचारणा सुरू होते, सगळ्यांत चांगला एम्युलेटर कोणता? या प्रश्नाला खरं उत्तर नाही, कारण तो उलट्या टोकाने विचारलेला असतो. आपण नक्की काय खेळणार आहोत, हे आधी कागदावर उतरवावं. दहा-पंधरा नावं पुरेत. कोणता एम्युलेटर, किती ताकदीचा संगणक, पडदा आडवा की उभा, जॉयस्टिक कशी, बटणं किती, हे सगळं त्या यादीतून ठरतं. ‘दहा हजार गेम्स’ भरलेलं तयार कार्ड विकत घेणाऱ्यांना ही यादी करावीच लागत नाही. म्हणूनच त्यांच्या कॅबिनेटवर निम्मे खेळ अडखळत चालतात आणि उरलेल्या निम्म्यांची बटणं भलतीच असतात.

एम्युलेटर करतो काय, ते समजलं की निवड सोपी होते. मुस्तफाच्या बोर्डावर मोटोरोलाचा ६८००० हा मुख्य प्रोसेसर होता, आवाजासाठी वेगळा झेड-८० आणि क्यूसाउंड नावाची चिप. खेळाचा प्रोग्रॅम, चित्रं आणि आवाज रॉम चिपांमध्ये कोरलेले असत. त्या चिपांतला मजकूर उतरवून घेतला की रॉम फाइल तयार होते. एम्युलेटर ते प्रोसेसर आणि त्या चिपा संगणकावर नव्याने उभ्या करतो आणि जुन्या प्रोग्रॅमला आपण मूळ बोर्डावरच चालतो आहोत असं वाटायला लावतो. प्रोग्रॅम तोच असल्यामुळे त्याच्या खोडीही तशाच येतात. पॅक-मॅनमध्ये पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला आहे, म्हणून २५६व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग विस्कटतो. १९८० मधल्या यंत्रावर तो जसा विस्कटत असे, तसाच आज एम्युलेटरवरही विस्कटतो. स्पेस इन्व्हेडर्समध्ये प्रत्येक फ्रेमला एकच शत्रू हलवला जातो. शत्रू कमी झाले की उरलेल्यांची पाळी लवकर येते आणि त्यांचा वेग वाढतो. नक्कल तंतोतंत असेल तर ही लय आपोआप जुळते.

तंतोतंतपणाचा हा ध्यास सगळ्यांत मोठा आहे तो ‘मेम’ या एम्युलेटरमध्ये. इटलीतल्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती दिली आणि तेव्हापासून जगभरचे लोक त्यात भर घालत आले. २०१६ पासून तो पूर्ण मुक्तस्रोत आहे. मेमचा हेतू जुन्या यंत्रांची नोंद करून ठेवण्याचा आहे, खेळ चालतो हे त्या नोंदीचं फळ. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे, कारण ते झालं नसतं तर बरंच काही कायमचं गेलं असतं. कॅपकॉमने १९९३ पासून आणलेल्या सीपीएस-२ बोर्डांवर प्रोग्रॅम कूटबद्ध असे आणि त्याची किल्ली बॅटरीवर तग धरणाऱ्या मेमरीत असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि बोर्ड मरे. हौशी अभ्यासकांनी आधी चालू बोर्डांकडूनच उलगडलेला मजकूर वदवून घेतला, आणि २००७ मध्ये साल्मोरिया आणि आंद्रेआस नाइव्ह यांनी ती कूटपद्धतच सोडवली. मुस्तफाच्या बोर्डावरचा आवाजाचा प्रोसेसरही असाच बॅटरीवर अवलंबून आहे. म्हणजे मूळ बोर्ड मिळवायची पहिली वाट दरवर्षी अरुंद होते आहे.

तरीही पहिल्याच कॅबिनेटवर मी मेम सुचवत नाही. तुमची यादी मुस्तफा, स्ट्रीट फायटर, मेटल स्लग, किंग ऑफ फायटर्स अशी असेल, म्हणजे कॅपकॉम आणि एसएनकेच्या नव्वदीतल्या द्विमितीय खेळांची, तर ‘फायनलबर्न निओ’ घ्यावा. त्याचा पसारा मेमपेक्षा लहान, पण या बोर्डांवर त्याचा हात पक्का बसलेला आहे आणि साध्या संगणकावरही तो हलका चालतो. तो ‘रेट्रोआर्क’च्या आत चालवता येतो. रेट्रोआर्क स्वतः एम्युलेटर नाही. वेगवेगळे एम्युलेटर ‘कोअर’ म्हणून त्यात बसतात आणि पडदा, आवाज, बटणं यांची मांडणी एकाच ठिकाणी होते.

रेट्रोआर्कचा आग्रह धरण्याचं माझं कारण वेगळंच आहे: विलंब. बटण दाबल्यापासून पडद्यावर ठोसा दिसेपर्यंतचा वेळ. साठ हर्ट्‌झच्या पडद्यावर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. बटणांचं सर्किट, एम्युलेटर, ग्राफिक्स आणि टीव्ही अशा प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा वेळ जातो आणि बघता बघता चार-पाच फ्रेम होतात. खेळणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. हात पूर्वीसारखा चालत नाही, वय झालं, असं तो स्वतःलाच समजावतो. दोष बहुतेक वेळा यंत्रणेचा असतो. टीव्ही वापरत असाल तर त्यातला ‘गेम मोड’ सर्वांत आधी चालू करा, एवढ्यानेच मोठा फरक पडतो. नंतर रेट्रोआर्कमधली ‘रन-अहेड’ सोय पाहा. जुने खेळ स्वतःच बटणाला एक-दोन फ्रेम उशिरा उत्तर देतात. रन-अहेडमध्ये एम्युलेटर तेवढ्या फ्रेम गुपचूप पुढे खेळून पाहतो, त्यातली पुढची फ्रेम दाखवतो आणि मागे येऊन पुन्हा तेच करतो. तो अंगभूत उशीर असा कापला जातो. पण गणितं दुप्पट-तिप्पट होतात, म्हणून संगणकात तेवढी शक्ती शिल्लक हवी. एखाद्या कचेरीतून निघालेला जुना डेस्कटॉप या कामी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकापेक्षा अनेकदा सरस ठरतो.

आता नवख्यांना सर्वाधिक छळणारी गोष्ट. एकाच खेळाची फाइल एका एम्युलेटरवर चालते, दुसऱ्यावर ‘फाइल सापडत नाही’ म्हणते. फाइल खराब नसते. एखाद्या चिपची आणखी चांगली प्रत मिळाली की मेम जुनी बाजूला काढून नवी मागतो, नावंही बदलतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीचा रॉम-संच वेगळा. रेट्रोआर्कमधला ‘मेम २००३-प्लस’ जुन्या ०.७८ या आवृत्तीवर उभा आहे. आजच्या मेमचा संच त्याला बहुतेकदा चालणार नाही. एसएनकेच्या निओ जिओ बोर्डावरच्या कोणत्याही खेळाला त्या बोर्डाची बायोस फाइल शेजारी लागते. आजच्या मेममध्ये मुस्तफा सुरू होत नसेल तर क्यूसाउंडचा स्वतंत्र संच गैरहजर आहे का, ते पाहा. एक एम्युलेटर, त्याची एक आवृत्ती आणि तिच्याशी जुळणारा संच ठरवावा, आणि सगळं नीट चालू लागल्यावर अपडेटच्या मागे धावू नये.

यादीत पॅक-मॅन किंवा डाँकी काँग असेल तर प्रश्न एम्युलेटरच्या पलीकडे जातो. त्यांचा पडदा उभा होता, पॅक-मॅनचं चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं. आडव्या रुंद टीव्हीवर ते मधल्या पट्टीत आकसून बसतं. जॉयस्टिकही चार दिशांची हवी. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर वळणावर तिरका झटका जातो आणि पॅक-मॅन भिंतीला अडतो. स्ट्रीट फायटरला मात्र तिरक्या दिशांशिवाय एकही डाव जमणार नाही. दिशा बदलण्यासाठी फिरवता येणारी चौकट असलेल्या जॉयस्टिक मिळतात, आणि माझ्या मते त्यावर थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. पडद्याच्या वेगाचंही असंच. पॅक-मॅन सेकंदाला ६०.६ वेळा चित्र बदलतो, मुस्तफा ५९.६ वेळा. साठच्या पडद्यावर दोन्ही सहज खपून जातात. मॉर्टल काँबॅटचा वेग मात्र ५४.७ आहे. साध्या पडद्यावर तो एकतर हिसके देत चालतो, नाहीतर सुमारे दहा टक्के जलद पळतो. तो यादीत असेल तर बदलत्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर घ्या.

त्रिमितीय खेळांचा संसार वेगळा. सेगाच्या मॉडेल-३ बोर्डासाठी ‘सुपरमॉडेल’ आणि नाओमीसाठी ‘फ्लायकास्ट’ हे एम्युलेटर आहेत आणि त्यांना बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. स्टिअरिंग आणि बंदुकीचे खेळ पहिल्या कॅबिनेटमध्ये कोंबू नयेत.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एम्युलेटर हा स्वतंत्र लिहिलेला प्रोग्रॅम. तो वापरण्यात गैर काही नाही. रॉममधला खेळ मात्र कंपनीच्या मालकीचा असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला संरक्षण आहे, आणि कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला खबरदारी म्हणून आणखी एक प्रत काढण्याची मुभा आहे. म्हणजे मुस्तफाचा बोर्ड ज्याच्याकडे आहे त्याची गोष्ट वेगळी, इंटरनेटवरून सरसकट उतरवणाऱ्याची वेगळी. फायनलबर्न निओच्या परवान्यात व्यापारी वापराला बंदी आहे, तरी तो भरून विकलेले डबे बाजारात सर्रास दिसतात. स्वखुशीने केलेल्या कामाची ही लूट आहे आणि ती विकत घेऊ नये. चाचणीसाठी मेमच्या संकेतस्थळावर ‘ग्रिडली’, ‘रॉबी रोटो’ असे काही खेळ मालकांच्या परवानगीने मोफत ठेवले आहेत. कॅपकॉम आणि एसएनकेचे कितीतरी जुने खेळ आज अधिकृतपणे विकतही मिळतात, आणि कॅबिनेटच्या संगणकावर ते एम्युलेटरशेजारी छान नांदतात.

प्लायवूड आणायच्या आधी हे सगळं लॅपटॉपवर करून पाहता येतं. मेममध्ये पाचचं बटण म्हणजे नाणं, एकचं म्हणजे स्टार्ट. टॅब दाबलं की खेळाचे अंतर्गत स्विच दिसतात आणि एका नाण्यात किती जीव, हे पार्लरवाल्यासारखं ठरवता येतं. यादीतला प्रत्येक खेळ पंधरा मिनिटं तरी खेळावा, जे नुसत्या आठवणीपोटी लिहिले गेले ते खोडावेत. मगच पुठ्ठ्यावर खऱ्या मापाने पॅनेल आखावं. मुस्तफा एका वेळी तिघांना खेळता येतो आणि प्रत्येकाला दोनच बटणं लागतात. स्ट्रीट फायटरला खेळाडू दोन, पण बटणं सहा-सहा. दोन्ही हवे असतील तर तिसऱ्या जॉयस्टिकसाठी पॅनेलची रुंदी आताच वाढवावी लागेल, आणि तिघं मोठी माणसं शेजारी शेजारी कोपर न लागता उभी राहतात का, ते त्या पुठ्ठ्यापुढे उभं राहूनच कळेल.