मेणबत्ती विझवणारा अदृश्य वायू

वडोदरा जिल्ह्यातील डभोई तालुक्याच्या फरतीकुई गावात जून 2019 मध्ये एका हॉटेलची सेप्टिक टाकी साफ करताना सात जण गुदमरून मृत्युमुखी पडले. आत उतरलेल्या कामगाराला वाचवण्यासाठी गेलेलेही परतले नाहीत. न दिसणारा वायू कसा साचतो, हे घरच्या साध्या प्रयोगातून उमगते.

उंच भांड्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घेऊन त्यावर अर्धी वाटी व्हिनेगर ओतावे. फेस बसला की भांडे पेटत्या मेणबत्तीवर हळूच कलते करावे. द्रव सांडू देऊ नये. काहीच पडताना दिसत नाही, तरीही ज्योत विझते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तो पाण्यासारखा खाली ओघळतो आणि ज्योतीभोवतीचा प्राणवायू दूर सारतो. मुलांनी हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावा.

जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. सेप्टिक टाकीत मात्र दिवा कधीही सोडू नये. तेथील मिथेन स्फोटासह पेट घेऊ शकतो, तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू ज्योत तेवत असतानाही माणसाचा जीव घेतो. आत कोणी कोसळल्यास मागोमाग न उतरता अग्निशमन दलाला 101 क्रमांकावर तत्काळ कळवावे.