दिवाळीचा बाजार आणि सवलतीचे गणित

हिंगोलीच्या रामलीला मैदानावरील दसरा महोत्सव आटोपला, सोयाबीनची रास घरी आली, की जिल्ह्यातील घराघरांत दिवाळीच्या फराळाची यादी होऊ लागते. रवा, साखर, हरभऱ्याची डाळ, पोहे, तेल, तूप. यादी आजीच्या काळचीच आहे. ती पुरी करण्याची रीत मात्र बदलली आहे. पूर्वी यादी आधी होई आणि पैशांची जुळणी मागाहून. आता पैसे आधी मोजले जातात आणि मग यादीला कात्री लागते. अशा दिवसांत गृहिणीची पावले ‘सवलत’ या शब्दाकडे वळली, तर त्यात नवल ते कोणते?

सवलतीचे सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे गावातील रास्त भावाचे दुकान. 2022 च्या दिवाळीत राज्य शासनाने ‘आनंदाचा शिधा’ दिला. अवघ्या 100 रुपयांत रवा, साखर व चणाडाळ प्रत्येकी 1 किलो आणि 1 लिटर पामतेल. पुढे 2023 मध्ये मराठवाड्यातील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तो मिळू लागला; हिंगोली जिल्हा त्यात होताच. त्या वर्षीच्या दिवाळीत मैदा व पोहे यांची भर पडली, पण रवा आणि डाळ अर्ध्या किलोवर आली. 2025 च्या गणेशोत्सवात व दिवाळीत मात्र निधीच्या अडचणीमुळे हा शिधा वाटला गेला नाही. मराठवाड्याच्या शेतांत अतिवृष्टीचे पाणी साचले, तेच हे वर्ष. हातातले पीक गेले आणि हक्काची पिशवीही आली नाही, असे दुहेरी संकट अनेक घरांनी सोसले.

मग उरतात शहरातील मोठी सवलतीची दुकाने. ‘एकावर एक मोफत’, ‘छापील किमतीत घसघशीत सूट’ अशा पाट्या तेथे लागलेल्या असतात. त्या खोट्या असतात असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. त्याहून अधिक घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारही पुष्कळदा तिच्याहून कमीच घेतो. तेव्हा सूट मोजायची ती छापील आकड्यापासून नव्हे, तर नेहमीच्या दुकानातील भावापासून.

दुसरी गोष्ट मापाची. ठरावीक वजनाचीच पाकिटे विकण्याची सक्ती 2022 मध्ये उठली. तेव्हापासून तेलाच्या पिशव्या नाना वजनांच्या दिसू लागल्या. 1 लिटर सोयाबीन तेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम भरते. शेजारी 800 ग्रॅमची पिशवी ठेवली, तर नजरेला फरक चटकन कळत नाही. उदाहरणादाखल, लहान पिशवी 120 रुपयांना आणि मोठी 132 रुपयांना असेल, तर लहान पिशवी 12 रुपयांनी स्वस्त वाटते. हिशेब केला की कळते, तिचा भाव किलोला 150 रुपये पडला आणि मोठीचा 145. महागाई नेहमी किंमत वाढवूनच येते असे नाही. कधी ती वजन घटवूनही येते.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. हिंगोलीत तेल विकत घेणारे घर आणि सोयाबीन पिकविणारे घर बहुधा एकच असते. 14 सप्टेंबर 2024 रोजी केंद्र शासनाने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढविले, त्यामागे तेलबियांच्या शेतकऱ्यास आधार देण्याचा हेतू होता. त्या दिवाळीत तेल महागले. पण सोयाबीनचा बाजारभाव 4892 रुपये क्विंटल या हमीभावाच्या खालीच राहिला. म्हणजे शेतकऱ्याने विकताना सोसले आणि त्याच्याच कारभारणीने विकत घेताना सोसले. 30 मे 2025 रोजी कच्च्या तेलावरील शुल्क कमी झाले, तर 22 सप्टेंबर 2025 पासून तुपावरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तेल आणि साखर यांवरील 5 टक्के कर मात्र तसाच राहिला. म्हणून सगळेच स्वस्त झाले या समजुतीने बाजारात जाऊ नये.

उपाय काय? तो जुनाच आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधून एकत्र खरेदीचा पायंडा पाडला. आपल्या गावातील बचत गटाला किंवा भजनी मंडळातील चार घरांनाही हे अशक्य नाही. तेलाचा 15 किलोचा एक डबा, साखरेचे एक पोते चौघींत वाटून घ्यावे. मोंढ्यातील भाव विचारावा, पाकिटावरचे वजन वाचावे, किलोचा दर काढावा आणि यादीबाहेरची वस्तू केवळ सूट आहे म्हणून उचलू नये. न लागणारी वस्तू निम्म्या किमतीत घेतली, तरी ती निम्मी किंमत वायाच गेली.

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी व्यापारी चोपडीची पूजा करतो. गृहिणीनेही आपली खर्चाची वही त्या पाटावर ठेवावी, असे आम्हांस मनापासून वाटते. काटकसर म्हणजे दारिद्र्य नव्हे. तीही लक्ष्मीची सेवाच आहे. आणि शास्त्ररूढीने सांगितलेला नैवेद्य तरी कोणता? धनत्रयोदशीला धणे-गूळ, लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे. महागातले महाग यात काहीच नाही. ज्या नर्सीच्या भूमीने नामदेवांना जन्म दिला, त्याच नामदेवांच्या हातचा साधा नैवेद्य पांडुरंगाने प्रेमाने सेवन केला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत.

यंदा चकलीचा डबा थोडा उणा भरला, तर मनास लावून घेऊ नये. दारी पणती असावी, वहीत उसनवारी नसावी आणि शेजारच्या रिकाम्या घरी आपल्या फराळातली एक वाटी पोचावी. सण तेवढ्याने पुरा होतो.