दातात भरतात ते काय असते?

“दाढ किडली आहे, काढूनच टाका,” असे दंतवैद्यांना सांगणारे लोक आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत. भरलेले टिकत नाही, वर्षभरात निघून जाते, मग दोनदा खर्च कशाला, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे, एवढे म्हणून भागणार नाही. भरलेले का निघते आणि का टिकते, हे समजून घेतले पाहिजे. म्हणून दात भरण्याच्या पदार्थांची थोडक्यात ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

प्रथम आमच्याच घरातील अनुभव सांगतो. आमच्या आत्यांच्या दाढेत दंतवैद्यांनी पांढरा लेप भरला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले. ठणका थांबला, म्हणून आत्या गेल्या नाहीत आणि आम्हीही त्यांना आठवण दिली नाही. सात-आठ महिन्यांनी भाकरी खाताना दाढेची एक बाजू तुटली आणि अखेर दाढ काढावी लागली. तो लेप झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचा होता. युजेनॉल हे लवंगेच्या तेलातील मुख्य द्रव्य होय. ते ठणका शमवते. परंतु हा लेप मऊ असतो, चावण्याचा भार फार दिवस सोसत नाही. तो तात्पुरताच भरलेला असतो. ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला असे नव्हे, हे आम्हांला एक दाढ गमावल्यावर कळले.

खरा शत्रू : कडेची फट

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असून शरीरातील सर्वांत कठीण भाग आहे. त्याच्या आतील डेंटिनमध्ये खनिजाचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते, म्हणून तेथे पोहोचलेली कीड लवकर पसरते.

दातात भरलेल्या पदार्थाला चावण्याचा दाब, लाळेचा ओलावा आणि जंतूंनी तयार केलेले आम्ल हे सर्व सोसावे लागते. शिवाय गरम चहा आणि थंड पाणी आहेच. बैलगाडीच्या चाकाला धाव चढविताना लोहार ती तापवितो, कारण तापलेले लोखंड प्रसरण पावते. तोंडातही तसेच घडते. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले, तर दात दहा लाखांत सुमारे ११ भाग वाढतो, आणि चांदी म्हणून भरतात तो पदार्थ सुमारे २५ भाग. दात आणि भरलेला पदार्थ असे कमीअधिक वाढू-आटू लागले की कडेला सूक्ष्म फट पडू शकते. फटीतून जंतू शिरतात, आत पुन्हा कीड लागते आणि एके दिवशी सारे निघून येते. तेव्हा कोणता पदार्थ या फटीशी कसा सामना करतो, हा खरा प्रश्न आहे.

चांदी (अमालगम)

चांदी, कथील व तांबे यांच्या मिश्रधातूची पूड पाऱ्यात कालवून हा पदार्थ होतो. वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. चांदी दाताला चिकटत नाही. म्हणून खड्डा मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद व आत रुंद, कोरावा लागतो. काळाच्या ओघात तिच्या कडेला गंजाचे कण साचतात आणि फट बऱ्याच अंशी बुजते, हा तिचा मोठा गुण. ती दाब उत्तम सोसते, मात्र पातळ थर तुटतो. पूर्ण बळ येण्यास सुमारे एक दिवस लागतो, म्हणून त्या दिवशी त्या बाजूने कठीण पदार्थ चावू नये.

पाऱ्यामुळे पर्यावरणाला होणारा धोका ध्यानात घेऊन २०१३ साली मिनामाता करार झाला आणि चांदीचा वापर कमी करण्याचे ठरले. युरोपीय संघाने तर २०२५ पासून, वैद्यकीय अपवाद वगळता, तो बंदच केला. तरीही जुनी, सुस्थितीतील चांदी केवळ भीतीपोटी काढून घेऊ नये. ती काढतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते आणि चांगला दातही कोरला जातो.

ग्लास आयनोमर सिमेंट

विल्सन व केंट या शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये शोधलेले हे सिमेंट १९७२ मध्ये जगापुढे आले. विशिष्ट काचेची पूड आणि पॉलिअॅक्रिलिक आम्ल यांपासून ते बनते. ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते, उष्णतेने साधारण दाताइतकेच वाढते आणि फ्लोराइड सोडते. दोष असा, की ते ठिसूळ आहे व लवकर झिजते. सुरुवातीला पाणी लागले किंवा ते फार सुकले तरी बिघडते, म्हणून वरून वार्निश लावतात.

या सिमेंटमुळे विजेविना, केवळ हाताच्या अवजारांनी कीड काढून दात भरता येतो. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात सुरू झाली आणि १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. खेड्यापाड्यांतील शिबिरांसाठी ती फार उपयोगी आहे.

दाताच्या रंगाचे काँपोझिट

हे राळेसारखे द्रव्य व काचेची बारीक पूड यांचे मिश्रण असते. निळ्या प्रकाशाने ते घट्ट होते. पण घट्ट होताना साधारण दोन-तीन टक्के आक्रसते, म्हणजे फट पडण्याचा धोका येथेही आहेच. त्यावर उपाय दोन. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावतात, तसा आम्लाने एनॅमल खरखरीत करून मग काँपोझिट चिकटवितात. ही युक्ती ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखविली. दुसरा उपाय म्हणजे नेहमीच्या प्रकारचे काँपोझिट सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी भरणे. मात्र चिकटविताना लाळ लागली, तर सारी मेहनत वाया जाते. म्हणून मध्येच चूळ भरण्याची घाई करू नये.

आपण काय करावे?

सर्वांत उत्तम असा एकच पदार्थ नाही. खड्डा केवढा, दात कोणता, जागा कोरडी ठेवता येते की नाही, यावर निवड ठरते. तेव्हा खुर्चीवरून उठण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : काय भरले? तात्पुरते की कायमचे? पुन्हा केव्हा यायचे? उत्तर कागदावर लिहून घ्यावे. विद्यार्थी मित्रांनी घरातील वडीलधाऱ्यांसाठी एवढे काम अवश्य करावे. आमच्या आत्यांच्या वेळी आमच्यापैकी कोणी हे विचारले असते, तर ती दाढ कदाचित आजही भाकरी चावत असती.