हत्तीशेजारी उभे राहण्याचा शिरस्ता

वेरूळच्या सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलासात, एखाद्या रविवारी तासभर नुसते बसून राहण्याइतकी सवड ज्यास लाभली असेल, त्याच्या ध्यानी एक गोष्ट सहज येईल : गोपुर ओलांडून आत आलेले कुटुंब, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत आठव्या शतकात कोरलेल्या आणि कळसाकडून पायथ्याकडे उतरत आलेल्या त्या अखंड पाषाणाच्या मंदिराकडे मान वर करून पाहण्याआधीच, प्रांगणातील सोंड तुटलेल्या हत्तीकडे वळते, कुटुंबप्रमुखाचा हात खिशाकडे जातो, आणि “चला, आधी हत्तीपाशी उभे राहा” असे फर्मान सुटते. कलाभिज्ञ मंडळींस हा प्रकार ग्राम्य वाटतो. मलाही पुष्कळ वर्षे तो तसाच वाटत असे. शिल्पाकडे पाठ करून उभे राहायचे, आणि शिल्प पाहिल्याचा दाखला म्हणून ती पाठ घरी न्यायची, हा व्यवहार तर्काला धरून आहे असे कोण म्हणेल? परंतु आमच्या मुलुखातील छायाचित्रणाचा इतिहास थोडा चाळला, तेव्हा हा शिरस्ता आमच्या मंडळींनी पाडलेला नसून, या लेण्यांत कॅमेरा आला तेव्हापासूनचा आहे, असे आढळून आले.

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल हा १८४४ मध्ये अजिंठ्यास आला, तो भित्तिचित्रांच्या तैलरंगांतील प्रतिकृती करण्यासाठी. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता, आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याची लेण्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने निघाली. ती दुहेरी भिंगाची, म्हणजे विशिष्ट दुर्बिणीतून पाहिली असता खोली भासणारी अशी होती. त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे सहलीची मौज नव्हे : काचेच्या तावदानावर कलोडियनचा लेप द्यायचा, ते रौप्याच्या द्रावणात बुडवायचे, आणि ओले आहे तोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, अंधाऱ्या राहुटीत धुऊनही काढायचे. इतका खटाटोप करणारे तत्कालीन छायाचित्रकार खांबाशी किंवा दाराशी एखाद्या माणसाला मुद्दाम बसवीत. तो माणूस कोण, त्याचे नाव काय, याची नोंद सहसा नसे. त्याचे काम मोजपट्टीचे होते. खांब किती प्रचंड आहे हे सातासमुद्रापलीकडच्या वाचकास कळावे म्हणून साडेपाच फुटांचा एक देह तेथे ठेवलेला असे, इतकेच.

पुढे राजा दीनदयाळ आले. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. शिक्षण रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. नोकरी इंदूरच्या बांधकाम खात्यातली. आणि अखेर मान सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराचा. औरंगाबाद तेव्हा, आणि थेट १९४८ पर्यंत, हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे वेरूळ व दौलताबाद ही दीनदयाळांच्या दृष्टीने स्वतःच्या सरकारचीच दौलत होती. बांधकामाचे शिक्षण घेतलेल्या या माणसाच्या चित्रांतील रेषा ओळंब्याने तपासल्यासारख्या सरळ उभ्या असतात. हातातला फोन तिरपा धरून चांद मिनारास पिसाच्या मनोऱ्याची कळा आणणाऱ्यांनी ती एकवार जरूर पाहावीत.

ऐपत असलेल्या कुटुंबांस मात्र त्या काळी लेण्यांकडे कॅमेरा नेण्याचे कारण नव्हते. तीच स्टुडिओत जात, आणि मागे लावलेल्या पडद्यावर कारंजे, कमान, खांब असा सगळा सरंजाम रंगवलेला असे. मला तर वाटते की, बीबी का मकबऱ्याच्या दक्षिण दरवाजातून आत शिरताच, लांबच लांब हौद पुढ्यात घेऊन, घुमट बरोबर डोक्याच्या वर येईल अशा बेताने उभे राहणारे आजचे जोडपे त्या रंगीत पडद्यापुढेच उभे असते. फरक इतकाच की पडदा खरा आहे, आणि बांधणाऱ्याने, म्हणजे औरंगजेबाचा पुत्र आजमशहा याने, तो आपली आई दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ उभा केला होता.

आमच्या घरी कॅमेरा आला तो १९७० च्या सुमारास : आग्फा क्लिक थ्री, बडोद्यास तयार होणारा, काळा, पेटीसारखा. वडील महसूल कचेरीत कारकून होते, आणि कारकुनाची हिशेबी वृत्ती त्या पेटीस जणू शोभून दिसे, कारण एका रोलवर चौरस आकाराचे फोटो निघत ते बारा. दौलताबाद, खुलदाबाद, वेरूळ आणि घृष्णेश्वर ही एका दिवसाची सहल. तिची तजवीज आदल्या रात्री कागदावर होई. किल्ल्यास दोन, भद्रा मारुतीस एक, कैलासास तीन, आणि निदान चार दिवाळीसाठी राखीव. रोल संपल्याखेरीज धुवायला टाकायचा नाही हा दंडक असल्यामुळे एप्रिलातील सहल आम्हांस नोव्हेंबरात, भाऊबिजेच्या ओवाळणीसह, गुलमंडीवरच्या एका स्टुडिओच्या लिफाफ्यातून पाहावयास मिळे. तोवर दौलताबादेस खाल्लेल्या पेरूंची चवही कोणास आठवत नसे.

या कॅमेऱ्यात एक खोड होती. फोटो काढल्यावर किल्ली फिरवून, पाठीवरच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत रोल सरकवावा लागे, आणि ते विसरले तर एकाच चौकटीवर दोन चित्रे बसत. आमच्या संग्रही असा एक नमुना आहे : चांद मिनाराच्या मध्यावर आत्याचा चेहरा उमटला आहे, आणि तो असा प्रसन्न आहे की पंधराव्या शतकातील तो मिनार बहमनी सुलतानाने तिच्यासाठीच उभारला असावा. वडिलांनी तो ‘फुकट गेला’ या सदरात लिहिला होता. आज पाहू मागतात तो तोच.

आता बारांचा हिशेब उरला नाही. एका दुपारी दोनशे फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत एकही पुन्हा पाहिला जात नाही. त्याबद्दल मला तक्रार करावयाची नाही, कारण वडिलांच्या काळी ज्या आयाबायांच्या हाती कॅमेरा कधीच गेला नाही त्या आज स्वतः फोटो काढतात. मात्र जुनी एक चूक जशीच्या तशी चालू आहे, ती सांगितली पाहिजे. कैलासाचे मंदिर सुमारे शंभर फूट उंच. त्याच्या जोत्यास टेकवून मुलास उभे करायचे, आणि मग सगळे मंदिर मावावे म्हणून आपण मागे मागे जायचे : परिणामी मंदिर येते, मुलाची मुंगी होते. मुलास मंदिरापासून सोडवून आपल्याकडे पंधरा-वीस पावले आणावे, म्हणजे मुलाचा चेहराही दिसतो आणि शिखरही राहते. याच्या उलट चूक हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत होते. नाक मोठे आणि कान लहान दिसतात ते भिंगाच्या दोषाने नव्हे, तर अंतराच्या कमतरतेने. नाक कॅमेऱ्यास कानापेक्षा चार बोटे जवळ असते, आणि एकूण अंतरच हातभर असल्यावर चार बोटे फार होतात. आठ-दहा पावले मागे जाऊन झूमने तोच चेहरा जवळ आणला, तर आरशात दिसते तसे माणूस फोटोत दिसते.

उन्हाचाही विचार हवा. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे सकाळी लवकर पोचण्याची आमची परंपरागत घाई फोटोच्या दृष्टीने व्यर्थ. त्यांचा दर्शनी भाग उजळतो तो दुपार कलल्यावर. दहाव्या, विश्वकर्मा लेण्यात मार्च महिन्यात काही दिवस मावळतीचे किरण गवाक्षातून थेट बुद्धमूर्तीच्या मुखावर येतात आणि ते पाहण्यास गर्दी लोटते. अजिंठ्याचा मामला निराळा. तेथे चित्रांपुढे फ्लॅश वर्ज्य आहे, आणि तो नियम मोडण्यात लाभही नाही, कारण फोनचा तो इवलासा उजेड दहा-बारा फुटांवर विरून जातो. जुने वाटाडे बाहेरचे ऊन आरशावर किंवा पांढऱ्या कापडावर घेऊन आतल्या भिंतीवर फेकीत. बिनॉय बहल यांनी १९९१ च्या सुमारास ही चित्रे प्रखर दिव्यांवाचून, अंधुक उजेडात दीर्घकाळ झडप उघडी ठेवून टिपली. आपल्यासारख्यांनी डोळे अंधारास सरावेपर्यंत थांबावे आणि श्वास रोखून, हात न हलवता, एक फोटो घ्यावा. नाही आला तर पद्मपाणीचे चित्र विकतही मिळते.

परंतु हत्तीचे राहिले. माझी धाकटी बहीण त्या हत्तीशेजारी पहिल्यांदा उभी राहिली ती चौथ्या वर्षी, हत्तीच्या गुडघ्यास डोके लागते न लागते अशी. पुढे नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी, आणि लग्नानंतर नव्या जावयासह. गिलच्या काळी माणूस दगडाचे माप म्हणून उभा राहत होता. आमच्या संग्रहात दगड माणसाचे माप म्हणून उभा आहे, आणि कोणत्या साली ती किती वाढली हे त्यावरून वाचता येते.

गेल्या हिवाळ्यात तिची नात सुटीत आली. तिने तो चौरस फोटो फोनमध्ये उतरवून घेतला होता, आणि आजीस तेथेच, तशीच, डावा हात हत्तीच्या पायावर ठेवून उभी करायचे तिने ठरवले होते. “दादा, या वयात काय हत्तीपाशी उभी राहू?” असे म्हणत बहीण उभी राहिली, पदर सारखा करून. फोन माझ्या हाती होता. जुना फोटो शेजारी धरून मुलगी माप जुळवीत होती, आणि जुळत नव्हते : आजी मोठी येत होती, हत्ती लहान. “आजोबा, अजून मागे. झूम करा आणि मागे जा,” असे म्हणत तिने मला पावलापावलाने पार मागच्या भिंतीपर्यंत नेले. तेथे पाठ दगडास लागली. वडील याच ठिकाणी टेकून उभे असले पाहिजेत, एरवी चित्रात तेवढे अंतर येणे शक्य नव्हते. पहारेकऱ्याने लेणी बंद होण्याची शिट्टी वाजवली. बहीण हात न हलवता उभी होती, आणि काढला का, काढला का, असे ओठांनीच विचारीत होती.