ठोका माथ्यावर, चौकशी पोटाची

मातीच्या धरणाच्या माथ्यावर लोखंडी प्लेट ठेवायची, तिच्यावर आठ किलोचा घण हाणायचा आणि सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचं. पुढे दोन-दोन मीटरवर 24 जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारे संवेदक, रोवलेले. कुणी नुसतं पाऊल उचललं तरी लॅपटॉपवरच्या रेघा थरथरतात. वारा सुटला की ऑपरेटर वैतागतो, लांबून ट्रॅक्टर दिसला की घणवाल्याला हातानेच थोपवतो. एकाच जागी चार-पाच ठोके मारून नोंदी एकात एक मिसळतात. गोंगाट विरतो, लाट उठून दिसते.

उभ्या ठोक्याची जवळपास दोन-तृतीयांश ऊर्जा जमिनीलगत धावणाऱ्या रॅले लाटांत जाते. लांब लाट खोलवर चाचपते, आखूड वरच्यावरच राहते. सेकंदाला 200 मीटर वेगाची 10 हर्ट्झची लाट 20 मीटर लांब भरते. तोच वेग धरला तर 40 हर्ट्झची पाचच मीटर. कुठली लाट किती वेगाने गेली यावरून कोणत्या खोलीवर भराव किती घट्ट आहे, याचा अंदाज बांधतात. दाबाच्या लाटा इथे फसवतात: पाण्याने भरलेल्या मातीत त्या पाण्याच्याच वेगाने, सेकंदाला सुमारे 1500 मीटर पळतात, माती सैल असो वा घट्ट. शिवाय या पद्धतीत काळ्या मातीच्या हार्टिंगला, म्हणजे धरणाच्या गाभ्याला, भोक पाडावं लागत नाही. बोअरच्या पाण्याच्या दाबानेही ते तडकू शकतं.

संध्याकाळी भरावातल्या वेगांचा रंगीत छेद पडद्यावर आला की सगळे त्याभोवती गोळा होतात. मला मात्र त्या रंगांचा धाकच वाटतो. गणित धरून चालतं की जमीन सपाट आणि अफाट आहे. इथे माथा अरुंद, दोन्हीकडे उतार, लाटा तिथून परततात. त्यातून लाटांच्या वेगाच्या एकाच आलेखाला थरांच्या अनेक रचना चपखल बसतात.

छेदात एक मंद वेगाचा पट्टा निघाला. शाखा अभियंत्यांनी जुना नकाशा उलगडला: बरोबर तिथेच खालून विमोचकाचा, म्हणजे पाणी सोडण्याचा, नळ जातो. नळालगत रोलर चालत नाही, माती हाताने धुमसावी लागते. 1961 साली पानशेत धरणाचा भराव खचला तो नळाच्या वरच, हे सांगायची गरज पडली नाही. उन्हाळ्यात जलाशय उतरला की याच रेषेवर पुन्हा ठोके मारायचे ठरलं. तोवर खालच्या बाजूचा पाझर रोज मोजायचा.