बुडालेल्या पतसंस्थेतला माणूस

अमरावती-अकोल्याकडे एखादी पतसंस्था बुडाली की ठेवीदारांच्या रांगांचे फोटो येतात, संचालकांच्या अटकेच्या बातम्या येतात. काउंटरवरचा लिपिक, शाखेचा शिपाई आणि दुकानोदुकानी फिरून रोजची रक्कम गोळा करणारा पिग्मी एजंट यांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी छापत नाही. त्यांच्याबद्दलचा समज मात्र ठाम असतो: ‘त्या बुडव्या संस्थेतला हाय ना तो, त्याले कोन ठेवन आता?’ पंचाईत अशी की हा समज त्या माणसांचाही असतो. त्यापायी काही जण अर्जच करत नाहीत, काही जण बायोडेटातून ती वर्षे उडवून टाकतात. मालकाची बदनामी नोकराला चिकटते, हे खोटे नाही. पण ती सगळ्यांना सारखी चिकटत नाही. हुद्दा कोणता होता आणि हातात कागद कोणते आहेत यावर तिचे वजन ठरते.

पहिला गैरसमज कायद्याचा. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याच्या कलम 3 मध्ये प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक यांच्याबरोबर ‘कर्मचारी’ हा शब्दही आहे, आणि शिक्षा 6 वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. एवढेच ऐकले की शिपायाचीही झोप उडते. पण त्याच वाक्यात अट आहे: संस्थेच्या व्यवस्थापनाची किंवा कारभार चालवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे असा कर्मचारी. सहकार कायद्याच्या कलम 88 खालची, म्हणजे ‘88 ची कारवाई’ही संस्थेचे पदाधिकारी आणि व्यवस्थापनात भाग घेतलेले लोक यांच्याकडून नुकसान वसूल करण्यासाठी असते. पासबुक भरून देणाऱ्याकडून नव्हे. विदर्भातलेच उदाहरण पाहा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या सरकारी रोख्यांच्या घोटाळ्यात 2002 मध्ये गुन्हा दाखल झाला आणि निकाल लागला 22 डिसेंबर 2023 रोजी. दोषी ठरले सहा जण: तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार, बँकेचे तेव्हाचे महाव्यवस्थापक आणि रोख्यांच्या व्यवहाराशी संबंधित खासगी दलाल. तिघे निर्दोष सुटले. या निकालावर अपीलही झाले आहे. गावोगावच्या शाखांतले रोखपाल आणि लिपिक त्या आरोपींच्या यादीत नव्हते. यातून आणखी एक गोष्ट कळते. निकाल लागू द्या, नाव स्वच्छ होऊ द्या, मग नोकरी शोधू, असे म्हणणाऱ्याची एकवीस वर्षे जाऊ शकतात. आणि पोलिसांनी जबाबाला बोलावले म्हणजे माणूस आरोपी झाला, असेही नाही; अशा प्रकरणांत हिशेब ठाऊक असलेला कर्मचारी बहुधा साक्षीदार असतो.

दुसरा गैरसमज, अशा माणसाला कुठेच नोकरी मिळत नाही. याबाबत पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो आणि तो तसाच मांडायला हवा. हार्वर्डच्या अभ्यासकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, घोटाळ्यात सापडलेल्या कंपनीत पूर्वी काम केलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना नव्या ठिकाणी बरोबरीच्या लोकांपेक्षा सुमारे 4 टक्के कमी पगार मिळत असल्याचे आढळले. घोटाळ्यात हात नसलेल्यांनाही हा फटका बसत होता. म्हणजे डाग खरा आहे. पण 4 टक्के कमी पगार म्हणजे दार बंद नव्हे. बीसीसीआय ही आंतरराष्ट्रीय बँक 1991 मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या माजी कर्मचाऱ्यांनी बँकेच्या बदनामीमुळे आपल्याला काम मिळत नाही म्हणून ब्रिटनमध्ये भरपाई मागितली. तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने 1997 मध्ये असा दावा करता येतो हे मान्य केले. पुढे नमुन्यादाखल घेतलेले दावे प्रत्यक्ष चालले तेव्हा मात्र, नोकरी न मिळण्याचे कारण बदनामीच होते, हे सिद्ध करता आले नाही. आपल्याकडे पीएमसी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, जानेवारी 2022 मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि कर्मचारीही नव्या बँकेकडे गेले.

यावर वऱ्हाडातला माणूस म्हणेल, की हे मुंबई-लंडनचे झाले, इथे गाव लहान. आक्षेप बरोबर आहे, आणि लहान गावापेक्षाही मोठे कारण त्यामागे आहे. बँक बुडाली तर ठेवीदाराला ठेव विम्यातून 5 लाखांपर्यंत रक्कम मिळते. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पैसे देणारे तिसरे कोणी नसल्यामुळे ठेवीदाराचा सगळा राग समोर दिसणाऱ्या माणसावर निघतो, आणि संचालक फरार असला तरी एजंट त्याच गल्लीत राहत असतो. चहावाल्याचे, भाजीवाल्याचे पैसे त्याच्याच हातून गेलेले असतात. म्हणून पिग्मी एजंटाची अडचण लिपिकापेक्षा मोठी आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. त्याच पेठेत पुन्हा वसुलीचे काम त्याला काही वर्षे तरी जड जाईल. पण औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे किंवा एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये हिशेबाला, उधारीच्या पाठपुराव्याला माणूस लागतो, तिथे रोज शंभर दारी जाऊन पावती फाडण्याची सवय हीच त्याची पात्रता ठरते. ‘तो कुठे नोकर होता, कमिशनवरच तर होता’ हे म्हणणेही अर्धवट आहे. बँकांच्या ठेव गोळा करणाऱ्या एजंटांना सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच औद्योगिक विवाद कायद्याखालचे कामगार मानले होते.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक: ती वर्षे बायोडेटातून काढून टाकली की प्रश्न मिटला. भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा यूएएन क्रमांक 2014 पासून माणसाबरोबर फिरतो आणि कुठल्या आस्थापनेकडून कधीपासून कधीपर्यंत वर्गणी आली ते त्याच्या सेवा-नोंदीत दिसते. पगारातून आयकर कापला असेल तर ती नोंद आयकर खात्याकडेही असते. मोठ्या खासगी बँका आणि फायनान्स कंपन्या नेमणुकीपूर्वी पडताळणी करतात. तिथे सापडलेली लपवाछपवी ही उमेदवाराची स्वतःची लबाडी ठरते, आणि बुडालेल्या संस्थेपेक्षा तीच जास्त महागात पडते. उलट टोकही टाळावे. मुलाखतीत जुन्या मालकाला शिव्या घालून स्वतः धुतल्या तांदळासारखे दिसत नाही. ऐकणारा मनात म्हणतो, उद्या आपल्याबद्दलही हा असेच बोलेल. आपण अमुक शाखेत अमुक वर्षे रोखपाल होतो, कर्ज मंजुरीचे अधिकार नव्हते, आरोपपत्रात नाव नाही, एवढी तीन वाक्ये पुरतात. तीही विचारण्याआधी सांगितलेली बरी.

राहिला अनुभवाच्या दाखल्याचा प्रश्न. शाखेला कुलूप लागले म्हणजे अनुभव शून्य झाला, असे नाही. संस्था अवसायनात निघाली की दप्तर अवसायकाच्या ताब्यात जाते, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या पदावर होतो याची नोंद त्याच्याकडे लेखी मागता येते. अवसायक कोण हे राज्याच्या संस्थेबाबत सहकार खात्याच्या कार्यालयात कळते. मल्टिस्टेट असेल तर तो विषय दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे असतो आणि वेळ लागतो. तोपर्यंत नेमणूकपत्र, पगार जमा झाल्याच्या नोंदी, फॉर्म 16 आणि पीएफचे पासबुक कामी येते. बंद पडलेल्या मालकाने पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचारी ती स्वतः ऑनलाइन भरू शकतो. अडले तर अकोल्यात पीएफचे कार्यालय आहे. छोट्या पतसंस्थांत पीएफच नसतो, तिथे सहीचे हजेरीपत्रक किंवा कमिशनच्या पावत्याही जपून ठेवाव्यात. आणि पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, अमरावती शहरात आयुक्तालयाकडून आणि अकोल्यात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मिळणारे, हे अर्जदाराच्या स्वतःच्या नोंदीवर दिले जाते, त्याच्या जुन्या मालकाच्या नव्हे.

यातले काहीही त्या शाखाधिकाऱ्याला लागू नाही, ज्याने बोगस कर्जप्रकरणांवर डोळे उघडे ठेवून सह्या केल्या. वरून आदेश होता, हे त्याचे म्हणणे खरे असेलही. पण अधिकाराची खुर्ची, त्या खुर्चीचा पगार आणि सही त्याचीच होती. त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, ते गैरसमजातून नव्हे.